सुईविना लस देताना : जेट इंजेक्टरच्या शिबिरात संसर्ग कसा टाळावा

मुंबईतील शाळेत, चाळीच्या पटांगणात किंवा गृहनिर्माण संस्थेच्या सभागृहात जेट इंजेक्टरने लस दिली जाणार असेल, तर आयोजकांनी तारीख ठरवण्यापूर्वीच एक प्रश्न विचारावा : उपकरणाचा जो भाग त्वचेला टेकतो आणि ज्यातून लस वाहते, तो प्रत्येक टोचणीनंतर फेकून दिला जातो का? ‘पुसून घेतो’ असे उत्तर आले, तर ते उपकरण शिबिरात येऊ देऊ नये.

जेट इंजेक्टर स्प्रिंगच्या किंवा दाबलेल्या वायूच्या जोरावर लसीची अतिशय बारीक धार त्वचेत घुसवतो. सुई नसली तरी त्वचेला भोक पडतेच. त्या क्षणी रक्ताचा सूक्ष्म अंश नोझलवर, म्हणजे धार सोडणाऱ्या तोंडावर, उलट उडू शकतो किंवा नोझलच्या आत ओढला जाऊ शकतो, आणि आत गेलेला हा अंश बाहेरून स्पिरिटचा बोळा फिरवून निघत नाही. हिपॅटायटिस बीच्या प्रसाराला डोळ्यांना न दिसणारे रक्तही पुरते. शिवाय हा विषाणू शरीराबाहेर किमान 7 दिवस टिकतो.

एकच नोझल अनेकांना वापरणाऱ्या जुन्या इंजेक्टरांनी देवीच्या निर्मूलनात मोठे काम केले, हे मान्य करायलाच हवे. मात्र 1984-85 मध्ये कॅलिफोर्नियातील वजन घटवण्याच्या एका क्लिनिकमध्ये हिपॅटायटिस बीची साथ आली आणि तिचा संबंध तेथील जेट इंजेक्टरशी जोडला गेला. अमेरिकी सैन्यदलांनी 1997 मध्ये अशा इंजेक्टरांचा वापर थांबवला. वेग कितीही मिळत असला, तरी त्या रचनेकडे परत जाण्याचे समर्थन होऊ शकत नाही.

आजची स्वीकारार्ह उपकरणे वेगळी आहेत. त्यांत हातात धरायचा भाग तोच राहतो, पण बिनसुईची सिरिंज दर वेळी नवी लावली जाते. भारतात 2021 मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळालेली झायकोव्ह-डी ही कोविडवरील लस अशाच उपकरणाने द्यायची होती. तिच्या एका मात्रेसाठी दोन टोचण्या लागत. म्हणून सिरिंजचा साठा माणसांच्या संख्येवरून न मोजता टोचण्यांच्या संख्येवरून मोजावा आणि नासधूस गृहीत धरून काही जास्तीच्या ठेवाव्यात. साठा संपला तर नोंदणी थांबवून उरलेल्यांना पुढची तारीख द्यावी. रांग वाढते, लोक कामावर जाण्याची घाई करतात, आणि वापरलेली सिरिंज ‘एकदाच’ पुन्हा लावण्याचा मोह नेमका तेव्हा होतो.

सिरिंजचे सीलबंद वेष्टन लस घेणाऱ्यासमोर उघडावे. कुपीला लावायचा अडॅप्टर प्रत्येक नव्या कुपीबरोबर नवा घ्यावा. टोचल्यावर रक्ताचा थेंब आला तर कापूस दाबून धरावा आणि उपकरणाच्या बाहेरील भागाला रक्त लागले असल्यास ते बाजूला काढून उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे निर्जंतुक करावे. वापरलेल्या प्लास्टिक सिरिंज जैववैद्यकीय कचऱ्याच्या लाल पिशवीत टाकाव्यात. त्या सोसायटीच्या सुक्या कचऱ्यात जाऊ नयेत.

प्रत्येकाच्या नावापुढे लसीचा बॅच क्रमांक, कुपी आणि वेळ लिहावी. या नोंदीचे मोल मुंबईच्याच इतिहासात दिसते. 1902 मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावात परळच्या प्रयोगशाळेतून गेलेल्या हाफकिन यांच्या प्लेगच्या लसीने 19 जण धनुर्वाताने दगावले. हे सर्वजण एकाच बाटलीतून लस घेतलेले होते, हे कळल्यामुळेच दोष कुठे शिरला याचा शोध त्या बाटलीपर्यंत नेता आला.

दिवसअखेरीस उघडलेली वेष्टने, नोंदलेल्या टोचण्या आणि लाल पिशवीत गेलेल्या सिरिंज यांचा मेळ घालावा. सिरिंज कमी भरल्या, किंवा एखादी दोघांना वापरली गेल्याची शंका आली, तर ती गोष्ट दडवू नये. संबंधितांना त्याच दिवशी कळवून जवळच्या सरकारी किंवा महापालिका रुग्णालयात पाठवावे, कारण एचआयव्हीसाठीची प्रतिबंधक औषधे 72 तासांच्या आत, शक्यतो काही तासांतच, सुरू करावी लागतात आणि हिपॅटायटिस बीसाठीही लस व गरजेनुसार इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) लवकरात लवकर द्यावे लागते.