कुचाळकी ऐकावी कशी, अडवावी कशी

पंचवटी कारंज्याजवळ माझं ब्लाउज शिवायचं आणि फॉल-पिकोचं दुकान आहे. अशा दुकानात बसून 'कोणाबद्दल बोलूच नये' असं सांगणारी बाई एक तर खोटं बोलते, नाहीतर तिच्याकडे गिऱ्हाईक नाही. म्हणून तो उपदेश मी करत नाही. लोकांच्या भानगडी कानावर येणारच. आल्या की काय करायचं, तेवढं सांगते.

आधी एक डोक्यातून काढा, की हा बायकांचा उद्योग. पंचवटी एक्स्प्रेसनं रोज मुंबईला जाणाऱ्या पासवाल्यांच्या डब्यात कल्याण येईस्तोवर कोणाकोणाची प्रकरणं निघतात, ते माझ्या दिरांना विचारा. माझी भाची मानसशास्त्र शिकते. तिनं अमेरिकेतली एक पाहणी सांगितली, २०१९ साली छापून आलेली. ४६७ माणसांच्या अंगावर आवाज टिपणारं यंत्र दिलं होतं. समोर नसलेल्या माणसाबद्दल बोलण्यात सरासरी दिवसाची ५२ मिनिटं जातात, असं निघालं. त्यातलं सुमारे तीन चतुर्थांश बोलणं ना चांगलं ना वाईट: अमकीची बदली झाली, तमक्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. बायका असलं साधं बोलणं पुरुषांपेक्षा जास्त करतात, एवढंच. वाईटसाईट बोलण्यात त्या काही पुढे नाहीत.

मग त्या उरलेल्या वाईटाचीच गोडी का? मला वाटतं, न्यायनिवाडा करायला मिळतो म्हणून. १९५९ साली मुंबईत नानावटी नावाच्या नौदल अधिकाऱ्यानं बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. ज्युरीनं आठ विरुद्ध एक असं त्याला निर्दोष ठरवलं, हायकोर्टानं ते फिरवून जन्मठेप दिली. माझ्या सासूबाईंनी नानावटीला ना पाहिलं ना त्यांचा त्याच्याशी संबंध, पण हायकोर्टाचा निकाल त्यांनी शेवटपर्यंत मान्य केला नाही. विषय निघाला की भाजी चिरता चिरता खटला नव्यानं चालायचा.

आता कामाचं. कोणी काही सांगायला लागलं की पहिलं पाहायचं, हे कितव्या तोंडून आलंय. नाशिककरांना हे शिकवायला नको. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं, की सिडकोतून फोन येतो, 'दुतोंड्या मारुती बुडाला म्हणे!' गोदावरीच्या पात्रातली ही मोठी मूर्ती, पूर किती चढला ते आम्ही तिच्यावरून बघतो. आम्ही पंचवटीतले, पाच मिनिटांत गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, जाऊन बघून येतो, तर पाणी मारुतीच्या गुडघ्याला. कोणीतरी मागच्या वर्षीचा व्हिडिओ पाठवलेला असतो. माणसांच्या भानगडींचंही मला असंच दिसतं. बघून आलेला गुडघा म्हणतो, त्याच्याकडून ऐकलेला कंबर म्हणतो, आणि 'सगळे म्हणतायत' म्हणणारा शेंडी बुडवूनच मोकळा होतो.

पण सांगणारीला 'खोटं' म्हणायचं नाही, ती इरेला पेटते. हातातलं काम चालू ठेवून, वर न बघता विचारायचं, "तू होतीस तिथं?" नुसतं एवढंच. निम्म्या गोष्टी इथंच 'नाही, पण आमच्या शेजारणीला कोणीतरी...' वर येतात आणि विरतात. 'मला त्यात पडायचं नाही, पण' असं म्हणून सुरू करणारी मात्र वेगळी. ती पडूनच आलेली असते. तिच्यासमोर हुंकारसुद्धा देऊ नका, संध्याकाळपर्यंत तो हुंकार तुमच्या नावावर फिरतो.

तुमच्याकडून काढून घ्यायला येणाऱ्या सगळ्यात चिवट. आमच्या धंद्यात हे फार. ब्लाउजच्या आत बाजूला आम्ही कापड दाबून ठेवतो, ढिलं करायला लागलं तर असावं म्हणून. नवी सून तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ती शिलाई उसवायला आणते. काही वेळा तिच्या शेजारपाजारच्या आधी मला समजलेलं असतं. मग दोन दिवसांनी त्याच गल्लीतली एक वहिनी येते, खुर्चीत टेकते, आणि दोऱ्याच्या रिळांकडे बघत म्हणते, "काकू, ती समोरच्यांची सून परवा ब्लाउज उसवायलाच आली होती ना हो?"

यावर 'मला नाही सांगायचं' म्हणालात तर उत्तर दिल्यासारखंच झालं. मी ढिगाकडे हात करते. "लग्नसराई आहे बाई, कोणाचं काय आणि कशाला आठवतंय! तुमचा मागचा गळा किती खोल ठेवू? लटकन लावायचे?" या प्रश्नापुढे कोणाचंही गरोदरपण टिकत नाही. तुमचं दुकान नसेल तर तिच्या मुलाच्या दहावीबद्दल विचारा. स्वतःच्या घरचा विषय निघाला की माणूस दुसऱ्याच्या घरातून आपोआप बाहेर येतो.

काही गोष्टी मात्र दाबायच्या नसतात. भिशी चालवणारी एक बाई दर महिन्याला एकीचे पैसे पुढे ढकलत होती, आणि जिचे अडकले ती लाजेनं गप्प. मी स्वतः नव्या शिरणाऱ्या बायकांना सांगितलं. याला कोणी चहाडी म्हणो. २०१२ सालच्या एका प्रयोगात दुसऱ्याला फसवलं जाताना बघणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि पुढच्याला सावध करायची संधी मिळाल्यावर जीव शांत झाला. सांगायचं ते असं: जे पाहिलं तेवढंच, जिचे पैसे जाणार तिलाच, आणि आपल्या नावावर. 'कोणीतरी म्हणत होतं' करून सांगायचं असेल तर सांगूच नका.

आणि विषय तुम्हीच असाल तर? मुलगी माहेरी येऊन राहिली, की दारं लावून बसू नका. ऑलपोर्ट आणि पोस्टमन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९४७ सालीच मांडून ठेवलंय की अफवा दोन गोष्टींवर वाढते: विषय महत्त्वाचा हवा आणि माहिती धूसर हवी. धूसरपणा तुमच्या हातात आहे. गल्लीतली सगळ्यात बोलकी बाई गाठा आणि एक वाक्य द्या: "पटत नव्हतं, म्हणून आणली. बोलणी चालू आहेत." कारणं देऊ नका, रडू नका, लगेच चहा टाका. दुपारपर्यंत ते वाक्य सगळीकडे जसंच्या तसं पोचतं, कारण त्यात वाढवायला काही ठेवलेलंच नसतं.

फोनवरचं वेगळं. तिथं लिहिलेलं राहतं, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे सोसायटीच्या ग्रुपवर हिरिरीनं लिहिणाऱ्यांना माहीत नसतं. शेजारच्या धुळे जिल्ह्यात, राईनपाड्याला, १ जुलै २०१८ रोजी मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून भिक्षा मागणाऱ्या पाच जणांना जमावानं मारून टाकलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच जणांना पुढे पाठवायची मर्यादा जाहीर केली. माझी मर्यादा शून्य आहे. दुकानाच्या नंबरवर फक्त डिझाइनचे फोटो.

इतकं करूनही एखादी गोष्ट पोटात राहत नसेल, तर ती अशा माणसाला सांगा ज्याच्या ओळखीचं त्यात कोणीच नाही. माझी नणंद अमरावतीला असते. मी तिला नाव-गाव न घेता आमची गल्ली सांगते, ती मला तिची कॉलनी. तिच्या मजल्यावरचा एक मास्तर साठीत लग्न करायचं म्हणतोय, आणि मुलगा घराची कागदपत्रं मागतोय. रविवारी फोन राहिला, म्हणून काल दुकान बंद करता करता मीच लावला.