जंतू, लस आणि ओळमी: वर्गीकरणातील या चुका टाळा

अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवताना आणि विज्ञान प्रदर्शनांतले तक्ते तपासताना मी गेली कित्येक वर्षे त्याच त्या चुका पाहत आले आहे. मुले हुशार असतात, पण समोरचा सजीव कोणत्या गटातला हे ठरवण्याआधीच त्याच्याविषयी लिहू लागतात, आणि तिथेच सगळे बिघडते.

मला सर्वाधिक सलणारी चूक म्हणजे ‘जंतू’ या एकाच शब्दात सगळे कोंबणे. पावसाळी तापांचा तक्ता असला की मलेरिया, डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस आणि गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला माकडताप हे चारही एकाच चौकटीत दाखवलेले असतात. प्रत्यक्षात मलेरियाचा प्लाझमोडियम हा केंद्रक असलेला एकपेशीय आदिजीव आहे, लेप्टोस्पायरा हा मळसूत्रासारखा पिळदार जिवाणू आहे, तर डेंग्यू आणि माकडताप हे विषाणूंचे रोग आहेत, एक डासामार्फत येणारा आणि दुसरा गोचिडीमार्फत. व्हिटेकर यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या पंचसृष्टी पद्धतीत जिवाणू मोनेरात जातात, प्लाझमोडियम प्रोटिस्टात जातो, आणि ज्यांना पेशीच नाही त्या विषाणूंना कोणत्याही सृष्टीत जागा मिळत नाही.

या गोंधळाची किंमत मी घरातच पाहिली आहे. वीसेक वर्षांपूर्वी फोंड्याला माझ्या भावोजींना थंडी वाजून ताप आला. मुलीच्या घसादुखीतून उरलेल्या अमॉक्सिसिलिनच्या कॅप्सूल घरात होत्या. त्यांनी त्याच घ्यायला सुरुवात केली. ‘‘भावोजी, आधी रक्त तपासून घ्या,’’ असे मी फोनवर विनवले, तर ‘‘अगं, जंतू तो जंतू, सगळ्यांना औषध एकच,’’ असे उत्तर मिळाले. ताप दिवसाआड उसळत राहिला आणि चार दिवस वाया गेले. शेवटी रक्ताची काचपट्टी तपासली गेली आणि तंत्रज्ञांनी मलाही सूक्ष्मदर्शकातून पाहू दिले: फिकट गुलाबी रक्तपेशीत एक बारीक निळी अंगठी, आणि त्या अंगठीवर खड्यासारखा बसलेला लाल ठिपका. अमॉक्सिसिलिन जिवाणूंची पेशीभित्तिका बांधली जाऊ देत नाही. प्लाझमोडियमला तशी भित्तिकाच नसते, त्यामुळे त्या कॅप्सूलींना तिथे काही कामच नव्हते. भावोजी योग्य औषधाने बरे झाले, परंतु तेव्हापासून मी फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात तीन प्रश्न लिहून ठेवते: पेशी आहे का, केंद्रक आहे का, आणि भित्तिका असल्यास ती कशाची? त्यांची उत्तरे दिल्याशिवाय माझ्या वर्गात रोगाचे नाव घ्यायचे नाही. तयार तक्ता उतरवून आणणाऱ्यांना हे कंटाळवाणे वाटते. त्यांच्याकडून मी ती अंगठी पेन्सिलीने काढून घेते.

तिसरा प्रश्न ओळमींच्या, म्हणजे रानातल्या अळंब्यांच्या, बाबतीत फार उपयोगी पडतो. पावसाळ्यात रोयणीवर (वाळवीच्या वारुळावर) उगवणारी आणि पानात बांधून बाजारात येणारी ही ओळमी भाजी म्हणून विकली जातात, म्हणून मुले त्यांना बिनधास्त वनस्पतींत टाकतात. त्यांच्यात हरितद्रव्य नाही, आणि त्यांच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोजऐवजी कायटिन आहे, जे सुंगटाच्या (कोळंबीच्या) कवचातही असते. मी एक उमललेले ओळमे घरी आणते, त्याची छत्री पाती खाली करून काळ्या कागदावर ठेवते आणि रात्रभर वर वाटी पालथी घालते. सकाळी कागदावर बीजाणूंची फिकट, किरणांसारखी नक्षी उमटलेली असते. ती पाहिलेला विद्यार्थी पुन्हा कवकाला वनस्पती म्हणत नाही. काजूच्या बोंडूच्या रसाला फेस आणणारे यीस्टदेखील कवकच आहे, तेव्हा फेणीच्या प्रकल्पात ‘मद्य बनवणारे जिवाणू’ असे लिहू नये.

रोगप्रतिकार यंत्रणेच्या धड्यात प्रतिजन आणि प्रतिपिंड यांची अदलाबदल ठरलेलीच असते. प्रतिजन हा परका, ओळख पटवणारा रेणू. प्रतिपिंड हे त्याला धरण्यासाठी आपल्या शरीराने घडवलेले प्रथिन. डेंग्यूची एनएस१ चाचणी विषाणूचे प्रथिन शोधते, म्हणून ती पहिल्या काही दिवसांत उपयोगी असते. आयजीएम हे प्रतिपिंड साधारण पाचव्या दिवसाच्या सुमारास दिसू लागते. दुसऱ्याच दिवशी आयजीएम निगेटिव्ह आले म्हणून डेंग्यू नाही असे ठरवणारी उतावीळ माणसे मला दरवर्षी भेटतात, आणि मी दरवर्षी तितक्याच कळकळीने त्यांना समजावते.

याच गोंधळातून सर्पदंशावरच्या औषधाला ‘सापाची लस’ म्हटले जाते. त्यात घोड्याच्या रक्तातून मिळवलेली तयार प्रतिपिंडे असतात; ती लगेच काम करतात, पण शरीराला काही शिकवत नाहीत. लस शरीराला स्वतःची प्रतिपिंडे बनवायला लावते आणि त्याला वेळ लागतो. म्हणूनच कुत्र्याच्या खोल चाव्यावर रेबीजच्या लसीबरोबर जखमेतच तयार इम्युनोग्लोब्युलिनही देतात.

काही चुकांना एकेक वाक्य पुरे. निळे-हिरवे शेवाळ हे जिवाणूच आहेत. वैज्ञानिक नाव हाताने लिहिताना प्रजाती आणि जाती या दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ ओढावी. ‘प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकी चांगली’ हे विधान ॲलर्जीचा धडा वाचलेल्याने तरी करू नये.

माडाची गोष्ट मात्र आपल्या गोव्याची आहे. २०१६ मध्ये वृक्षसंरक्षण कायद्याच्या व्याख्येतून माड वगळला गेला आणि नंतर तो पुन्हा त्या व्याख्येत घेतला गेला. तेव्हापासून ‘माड हे गवत आहे’ असे उत्तर पेपरांत येते. माड ॲरेकेसी कुळातला आणि गवत पोएसी कुळातले; दोन्ही एकदलिकित असली तरी त्यांचे गणसुद्धा वेगळे आहेत. आंबा आणि काजू मात्र खरोखरच एका कुळातले आहेत. मोहोर आला की दोन्हींचे एकेक फूल भिंगाखाली शेजारी ठेवून पाहावे: दोन्हींत एकच पुंकेसर बाकीच्यांच्या वर डोके काढून उभा असतो.