बीपीची जोडगोळी: या चुका टाळा

पाकिटावर बारीक अक्षरात 'अ‍ॅटेनोलॉल ५० मि.ग्रॅ. + क्लोरथॅलिडोन १२.५ मि.ग्रॅ.' असं छापलेलं असतं, घरात मात्र ती नुसती 'बीपीची गोळी'. बहुतेक घोटाळे इथूनच सुरू होतात. गोळी एक असली तरी औषधं दोन आहेत. अ‍ॅटेनोलॉल हे 'बीटा-ब्लॉकर' जातीचं, ते हृदयाची गती आणि जोर कमी करतं. दुसरं क्लोरथॅलिडोन, म्हणजे थायझाइड जातीची 'लघवीची गोळी', मूत्रपिंडांवाटे मीठ-पाणी बाहेर काढते. पण मीठ-पाणी घटलं की मूत्रपिंडं रेनिन नावाचं रसायन सोडतात, त्यामुळे रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि दाब परत वर जाऊ पाहतो. बीटा-ब्लॉकर त्या रेनिनलाच आळा घालतं, म्हणून ही जोडी जमते.

सगळ्यात धोक्याची चूक म्हणजे गोळी एकदम बंद करणं. 'महिनाभर १२०-८० येतंय, मग कशाला?' हे एक कारण. गणपतीला गावी गेल्यावर गोळ्या संपल्या आणि तिथल्या मेडिकलमध्ये तो ब्रँड मिळाला नाही, हे दुसरं. बीटा-ब्लॉकर चालू असताना शरीर अ‍ॅड्रेनलिनला जास्त संवेदनशील होत जातं. औषध अचानक काढलं की ती संवेदनशीलता मोकळी सुटते: धडधड, दाबाची उसळी, आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांत आधीच अडथळे असतील तर छातीत कळा किंवा थेट हार्ट अटॅक. बंद करायचंच असेल तर डॉक्टर साधारण एक-दोन आठवड्यांत डोस हळूहळू उतरवतात. ब्रँड मिळाला नाही तर औषधांची नावं आणि मिलिग्रॅम दाखवा. तेच घटक त्याच प्रमाणात दुसऱ्या नावाने मिळतात. एखादा डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घेऊ नका.

दुसरा घोळ दुहेरी औषधाचा. हृदयाच्या डॉक्टरांनी मेटोप्रोलॉल लिहिलं, फॅमिली डॉक्टरांची जुनी गोळीही चालूच, म्हणजे दोन बीटा-ब्लॉकर. काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंबही त्याच जातीचे, हे तर कोणाच्या ध्यानातच येत नाही. वेरापामिल किंवा डिल्टियाझेम ही बीपी-हृदयाची औषधं सोबत असतील तर ठोके फारच मंदावू शकतात. नाडी ५० च्या खाली जात असेल, चक्कर येत असेल, तर सगळ्या औषधांची पिशवी घेऊनच डॉक्टरांकडे जा. दमा असेल तर तो आधीच सांगा. आणि मनगटावरचं घड्याळ ठोक्यांची कमाल मर्यादा '२२० वजा वय' या हिशेबाने दाखवून चालण्याचा वेग वाढवायला सांगतं, ते या औषधावर लागू होत नाही. ठोके वाढत नाहीत म्हणून धापा टाकत पळू नका.

मधुमेहींनी थोडं थांबून वाचावं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्यांमुळे साखर खाली गेली की हात थरथरतात, छाती धडधडते. बीटा-ब्लॉकर या खुणा झाकतं. घाम मात्र फुटतो. तेव्हा विनाकारण घाम आला तर आधी ग्लुकोमीटर काढा. उलट बाजूने, ही जोडी कालांतराने साखर वाढवूही शकते. म्हणूनच ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २००६ मध्ये बीटा-ब्लॉकरला जोड देताना थायझाइडऐवजी कॅल्शियम चॅनल ब्लॉकर हे वेगळ्या जातीचं बीपीचं औषध सुचवलं. घरात मधुमेहाचा इतिहास असेल तर 'मला हीच जोडी का?' हे विचारणं उद्धटपणा नाही.

लघवीचं औषध असलेली ही गोळी सकाळी घ्या, रात्री नको. काही आठवड्यांनी लघवीचं प्रमाण पूर्ववत होतं. त्यावरून औषध लागू पडत नाही असं समजू नका. तेव्हाही दाब उतरलेला राहतो. पायात गोळे, अशक्तपणा असेल तर पोटॅशियम कमी झालेलं असू शकतं. वयस्क माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला तर सोडियम तपासायलाच हवं. नारळपाण्यावर भागवू नका, विशेषतः मूत्रपिंडं कमजोर असतील तर. जुलाब-उलट्यांत हीच गोळी शरीर आणखी कोरडं करते, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

एक साखळी मात्र वारंवार दिसते. थायझाइडने युरिक अ‍ॅसिड वाढतं, पायाचा अंगठा लाल होऊन सुजतो. माणूस मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणतो. ते दुखणं थांबवतं, पण मीठ-पाणी अडवून बीपी वर नेतं आणि मूत्रपिंडांवर ताणही टाकतं. पुढच्या भेटीत आकडा १६० दिसतो आणि डॉक्टर डोस वाढवतात, कारण अंगठ्याचं आणि पेनकिलरचं कोणी त्यांना सांगितलेलंच नसतं.