पहिल्या रनमध्ये कार्बन वाढला कुठून?

कार्बन डायऑक्साइडला हायड्रोजन देऊन कार्बन मोनॉक्साइड आणि पाणी मिळवायचं, हे समीकरण फळ्यावर एका ओळीत मावतं. उलट वॉटर-गॅस शिफ्ट म्हणतात या अभिक्रियेला. प्रोजेक्टला नवीन लागलेल्यांनी ती ओळ पाहून हुरळून जाऊ नये, म्हणून माझा पहिला रन सांगतो.

उत्प्रेरक (अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) म्हणून ॲल्युमिनावरचं, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडवर बसवलेलं तांबं, क्वार्ट्झची नळी, दोन्ही वायू समप्रमाणात, तापमान ४०० अंश सेल्सिअस. आधी काळं कॉपर ऑक्साइड हायड्रोजनमध्ये तापवून तांबूस करून घेतलं होतं. बाहेर पडणारी वाफ बर्फातल्या ट्रॅपमध्ये उतरवली आणि कोरडा वायू जीसीला, म्हणजे वायूतले घटक वेगळे करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफला दिला. डायऑक्साइड किती घटला यावरून रूपांतर, म्हणजे त्याचा किती भाग बदलला ते, निघालं ११ टक्के. मोनॉक्साइड किती दिसतोय यावरून २२! शिवाय आत सोडला त्यापेक्षा ११ टक्के जास्त कार्बन बाहेर येत होता. दोन दिवस मी कॅलिब्रेशनच तपासत बसलो.

जीसी बरोबर होतं. पाणी काढून घेतल्यावर वायूचं आकारमान घटतं आणि उरलेल्या प्रत्येक घटकाची टक्केवारी फुगते, हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. मग फीडमध्ये, म्हणजे आत जाणाऱ्या वायूत, थोडा नायट्रोजन सोडला. तो अभिक्रियेत भाग घेत नाही, त्यामुळे सगळं त्याच्या प्रमाणात मोजता येतं. खरा आकडा आला २० टक्के.

हा आकडा कमी वाटेल. पण ४०० अंशांना, मिथेन होत नाही असं धरलं, तर समतोलच (पुढची आणि उलटी अभिक्रिया सारख्या वेगाने चालते ती स्थिती) सुमारे २२ टक्क्यांवर येतो. कुठलाही उत्प्रेरक त्यापुढे नेऊ शकत नाही. म्हणून भट्टी पेटवण्याआधी समतोलाचा आलेख वहीत काढाच. अभिक्रिया मोलमागे ४१ किलोज्यूल उष्णता खाते, त्यामुळे तापमान चढवलं की मोनॉक्साइड वाढतो. खाली आलात तर हायड्रोजन मिथेनकडे वळायला बघतो, आणि निकेल असेल तर हमखास वळतो. तांबं मिथेन फारसं करत नाही, म्हणून ते मला आवडतं. पण फार तापवलं की त्याचे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि सक्रियता उतरते.

स्टीलची नळी वापरणार असाल तर एक रन उत्प्रेरकाशिवाय घ्या. स्टीलमधलं लोखंड आणि निकेलसुद्धा काम करतं, आणि श्रेय फुकट तुमच्या पावडरीला जातं.

मोनॉक्साइड विषारी, आणि त्याला रंग नाही, वास नाही. डिटेक्टर चालू असल्याशिवाय मी अजूनही सिलिंडरच्या चावीला हात लावत नाही.