कालव्याकाठच्या वस्तीचा इतिहास गोळा करायचा तर

कालव्याच्या कडेला राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ‘तुमच्या वस्तीचा इतिहास सांगा’ असं कधी विचारू नका. ‘आमचा कसला इतिहास बाई, आम्ही पोटाला आलेली माणसं,’ एवढंच उत्तर मिळतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळांत तीस वर्षं शिकवलं, त्यातली बरीचशी बारामती-इंदापूरकडं, नीरा डाव्या कालव्याच्या काठी. म्हाताऱ्या माणसांना पाण्याचं विचारा. शेताला पाणी घ्यायची पाळी रात्रीची यायची का दिवसाची? दारं धरायला, म्हणजे सरी-वाफ्यांत पाणी वळवायला, घरातलं कोण जायचं? पाण्याची वाटणी बघणारा पाटकरी राहायचा कुठं? मग तेच आजोबा कंदिलाच्या उजेडात बांधावर काढलेल्या रात्री सांगू लागतात, आणि बोलता बोलता आपण कुठल्या गावाहून आलो तेही सांगून जातात.

या वस्त्यांचं मर्म ‘पोटाला आलो’ यातच आहे. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळानंतर हा कालवा झाला, १८८५ च्या सुमारास त्याला पाणी सुटलं. जिथं बाजरी-ज्वारी कशीबशी यायची तिथं ऊस उभा राहिला आणि माणसं पाण्यामागं आली. सासवडचे माळी बागायतदार ऊस लावायला इकडं उतरले. पुढं त्यांच्यातले काही गोदावरीच्या कालव्यांवर कोपरगावकडं गेले, काही नीरा उजव्या कालव्यावर सोलापूर जिल्ह्यात माळीनगरला. तिथं १९३२ साली त्यांनी स्वतःचा साखर कारखाना काढला. म्हणून बोरावके, गिरमे अशी आडनावं तुम्हाला या सगळ्या कालव्यांवर भेटतील. वस्तीतली आडनावं आधी लिहून काढा, त्यांच्यापुढं मूळ गाव लिहा. निम्मं काम तिथंच होतं.

उरलेल्या निम्म्यासाठी शाळेत जा. मुख्याध्यापकांना विनंती करून जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत आलेल्या-गेलेल्या मुलांची नोंदवही, बघा. माझ्या एका शाळेत जुनं रजिस्टर कापडी बांधणीचं होतं, शाई तपकिरी पडलेली. एका पानावर लागोपाठ सात मुलं, जन्मस्थळाच्या रकान्यात सातही वेगवेगळी गावं, आणि चौघांच्या नावापुढं शाळा सोडण्याचं कारण एकच: ‘गाव सोडले’. कारण कळेना म्हणून मी वस्तीतल्या एका आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘रान खारावलं ना, मीठ फुटलं. घराच्या भिंतीला ओल चढायची, पोरं तापानं फणफणायची.’ पाण्यानंच वसवलेली वस्ती जमिनीत मुरलेल्या जादा पाण्यानंच उठवली होती. रजिस्टर आणि आजी, दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय हे कळलं नसतं. मुलांची नावं मात्र तुमच्या लिखाणात देऊ नका, गावं आणि सालं पुरतात.

बायकांना वेगळं भेटा. पाळीचा हिशोब पुरुष सांगतात, पण कुठल्या विहिरीचं पाणी कधी मचूळ झालं, धुणं कुठल्या मोरीवर चालायचं, हे बायकाच सांगतात.

मग कालव्याच्या भरावावरून चाला, मुखाकडून शेपटाकडं, पाणी जातं तसं. पूल, मोऱ्या, चौकी, मैलाचे दगड यांचे फोटो काढा. दगडावर चुना असेल तर खरवडू नका, तिरप्या उन्हात आकडा आपोआप दिसतो. आवर्तन चालू असताना, म्हणजे कालव्याला पाणी सोडलेलं असताना, एकटं जाऊ नका. कालव्यातून निघणाऱ्या फाट्यांचे नंबर जरूर टिपा, कारण इकडं माणसं पत्ता फाट्याच्या नंबरानं सांगतात.

कागदांत १८८५ चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटिअर आणि तलाठ्याकडचे जुने फेरफार, म्हणजे जमिनीचे मालक बदलल्याच्या नोंदी, बघा. जनगणनेच्या पुस्तिकांत वस्तीचं नाव शोधत बसू नका. तिची माणसं मूळ गावाच्या आकड्यात मिळवलेली असतात.

लिहून झालं की ज्यांनी सांगितलं त्यांना पारावर बसवून मोठ्यानं वाचून दाखवा. चुका ते जागेवर दुरुस्त करतात. दुरुस्त प्रत शाळेत ठेवा, रजिस्टरच्याच कपाटात.