यूव्ही कोटिंग करताना या चुका टाळा

लॅम्प जांभळा पेटलाय म्हणजे छापील शीटवरचं वार्निश वाळतंय, हा आपल्याकडच्या ऑपरेटरांचा सगळ्यांत महागात पडणारा समज. वाळवणारे यूव्ही म्हणजे अतिनील किरण डोळ्यांना दिसतच नाहीत. लॅम्पमधली मर्क्युरी (पाऱ्याची) ट्यूब हजारेक तास चालली की उजेड तेवढाच राहतो, पण 254 ते 365 नॅनोमीटरमधली ताकद उतरलेली असते.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका प्रेसमध्ये ऐन लग्नसराईत बेल्टचा वेग वाढवला. गरम शीट हाताला कोरडी लागली, मग झालंच की काम! सकाळी गठ्ठा उघडला तर पत्रिका एकमेकींना चिकटलेल्या. सोडवताना गणपतीची सोंड वरच्या पत्रिकेच्या पाठीला लागून आली. खापर फुटलं वार्निशवाल्यावर. ट्यूबमागचा रिफ्लेक्टर, म्हणजे किरण शीटवर परतवणारा पत्रा, पुसला तर फडकं काळंकुट्ट. ट्यूब बदलल्यावर तेच वार्निश त्याच वेगात नीट वाळलं.

म्हणून ट्यूबचे तास वहीत लिहा. नवी बसवल्या दिवशीच रेडिओमीटरचं (यूव्हीची ताकद मोजणाऱ्या मीटरचं) रीडिंग टिपून ठेवा. ते तीन चतुर्थांशाखाली गेलं की आम्ही ट्यूब काढतो, फुटायची वाट बघत नाही. लॅम्प थंड झाल्यावर ट्यूब आणि रिफ्लेक्टर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. काचेला उघडं बोट लावायचं नाही, घामातलं मीठ तापून डाग कायमचा बसतो. मीटर नसेल तर शीट थंड होऊ द्या, अंगठा दाबून फिरवा. ठसा उमटला की वेग कमी.

दुसरी खोड थिनरची. थंडीत सकाळी वार्निश घट्ट होतं आणि घाईचा पोरगा सरळ थिनर ओततो. हे वार्निश जवळजवळ शंभर टक्के सॉलिड, म्हणजे त्यात उडून जाणारं काही नसतंच. लॅम्पखालच्या क्षणभरात थिनर उडणार कधी? तो आत अडकतो, चमक मरते, वास राहतो, शिवाय तापलेल्या लॅम्पजवळ आगीचा धोका. कॅन गरम पाण्यात ठेवून वार्निश 40 अंशांपर्यंत आणा, फोर्ड कपने (तळाला भोक असलेल्या मापाने) पातळपणा मोजा. पंधरा-वीस मिनिटं जातील, जाऊ देत.

कुंद्याच्या बॉक्सला कोटिंग बाहेरूनच असतं, म्हणून निर्धास्त राहू नका. गठ्ठ्यात कच्चं वार्निश वरच्या शीटच्या आतल्या बाजूला लागतं. 2005 मध्ये इटलीत पाकिटाच्या शाईतलं आयटीएक्स हे रसायन लहान मुलांच्या दुधात सापडलं आणि माल जप्त झाला. मिठाईच्या कामाला लो-मायग्रेशन, म्हणजे खाण्यात कमीत कमी उतरणारं, वार्निशच मागवा.

साध्या ऑफसेट शाईवर निदान 24 तास कोटिंग नको, नाहीतर चमक उतरते. शाई वॅक्स नसलेली घ्या.

मर्क्युरीसाठीचं वार्निश 395 नॅनोमीटरच्या एलईडीखाली वाळेलच असं नाही.

ट्रेमधलं उरलेलं वार्निश परत कॅनमध्ये ओतू नका. कॅन काठोकाठही भरायचा नाही. आतल्या इनहिबिटरला (वार्निश आपोआप गोठू न देणाऱ्या रसायनाला) हवेतला ऑक्सिजन लागतो, तो नसला की माल डब्यातच गोठतो.

आणि हात थिनरने धुणं बंद करा. नायट्राइल हातमोजे घाला, वार्निश लागलंच तर साबण-पाणी. वार्निशमधल्या ॲक्रिलेट रसायनाची ॲलर्जी एकदा जडली की पुढे थेंबभर लागलं तरी हात फुटतात.