पुन्हा ट्रम्पेट हातात घेताना

सांगलीत आमच्या बोळाच्या तोंडाशी बँडवाल्यांची खोली होती. संध्याकाळी तालीम सुरू झाली की मी गृहपाठ टाकून तिथल्या पायरीवर जाऊन बसायचे. बँडमास्तर काकांनी मला ट्रम्पेट फुंकायला शिकवलं. दहावीनंतर सुटला तो सुटलाच. ४७व्या वर्षी पुन्हा धरला. तुमच्याही मनात असेल, तर आधी जुनाच शोधा.

तिन्ही पिस्टन, म्हणजे बोटांनी दाबायचे व्हॉल्व्ह, सरसर खालीवर होतात का बघा. अडकलेला पिस्टन पकडीने ओढू नका; ओरखडा पडला की हवा गळते. नळ्या कोमट पाण्याने धुवा. तेल व्हॉल्व्हचंच घाला, खोबरेल थंडीत थिजतं. आणि प्रत्येक पिस्टनवर कोरलेला १, २, ३ हा आकडा बघूनच तो परत बसवा. मी दुसरा तिसऱ्याच्या जागी घातला आणि अर्धा तास फुंकत राहिले. हवा पुढे जाईना. मला वाटलं, आपला दमच गेला. डोळ्यांत पाणी आलं. मग आकडे दिसले, पिस्टन बदलले आणि सूर आला. खरखरीत होता, पण सूर होता.

पहिला आठवडा नुसत्या माउथपीसवर, म्हणजे ओठांना लावायच्या तुकड्यावर काढा. ओठ मिटायचे, कोपरे घट्ट, मधला भाग सैल, आणि भुंग्यासारखा गुणगुणता आवाज काढायचा. गाल फुगवायचे नाहीत. वरचा सूर लागेना की माउथपीस ओठांवर दाबावासा वाटतो. तिथेच ओठ दुखावतात. दहा मिनिटं वाजवा, दहा मिनिटं थांबा. ओठ बधिर झाले की त्या दिवशी वाद्य खाली ठेवा.

मग सरगम. नेहमीचा ट्रम्पेट काळी पाचचा, म्हणजे त्याचा सा पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीवर. सा, प आणि वरचा सा पिस्टन न दाबता, फक्त ओठांनी निघतात. रेसाठी पहिला-तिसरा पिस्टन दाबायचा, गसाठी पहिला-दुसरा, मसाठी नुसता पहिला, धसाठी परत पहिला-दुसरा, नीसाठी दुसरा. माझ्या बोटांना हे तीस वर्षांनीही पाठ होतं. ओठांना मात्र पहिल्यापासून शिकवावं लागलं.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर म्यूट, म्हणजे आवाज दाबणारं बूच लावा. मी सकाळी कृष्णेच्या घाटावर जाते.

सा स्थिर झाला की बँडवाल्यांकडे जाच. लग्नसराईत त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. आषाढी ते तुळशीचं लग्न या काळात, गणपतीचे दिवस सोडून, निवांत भेटतात. मी गेले तेव्हा क्लॅरोनेटवाल्या काकांनी मला नुसता सा धरायला सांगितला आणि वरून गाणं वाजवलं. माझा श्वास तुटला की ते थांबायचे. मी सुरावर परत आले की पुढची ओळ घ्यायचे.